दिलेला नाही, नेलेला आहे

आमूचा लॅपटॉप घरात आला त्या दिवशी मी त्याला कव्हर शिवलं. आमच्याकडे मिक्सरला कव्हर आहे, शिलाई मशीनला आहे, फ्रिजच्या डोक्यावर आहे. मग एवढ्या महागाच्या वस्तूनं काय पाप केलं? जुन्या पांढऱ्या साडीचं, आत कापूस घालून, कडेला निळी पट्टी लावलेलं. आमूनं ते हातात घेऊन बघितलं आणि म्हणाली, "मम्मी, झकास. फक्त चालू असताना घालू नकोस. त्याला श्वास घ्यायला लागतो."

आमू म्हणजे आम्रपाली, आमची एकुलती एक. कर्वेनगरच्या कॉलेजात ग्राफिक डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. हे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात आहेत, आम्ही तिथल्याच क्वार्टरमध्ये राहतो. पोरगी लहानपणापासून कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर चित्रं काढायची. महिना संपायच्या आत पान फाडायची, त्यामुळे आमच्या घरात तारीख बघायला शेजारी जावं लागे. एलिमेंटरी, इंटरमीजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षांना 'ए' ग्रेड. बारावीनंतर ती म्हणाली, मला हेच शिकायचंय. तेव्हा ह्यांचे थोरले भाऊ, आमचे तात्याराव भाऊजी, सोफ्यावर मांडी घालून बसले होते. म्हणाले, "चित्रं काय, फावल्या वेळात काढायची असतात. आमचा रोहन बघा, वाघोलीला इंजिनिअरिंगला घातलाय."

आमू चहाचा ट्रे घेऊन उभी होती. म्हणाली, "तात्या, तुम्ही त्याला घातलंय. मी स्वतः जातेय."

मी तेव्हा तिला डोळे वटारले होते. मनातून बरं वाटलं होतं.

तिच्या दुसऱ्या वर्षाला बुद्धपौर्णिमेचा फ्लेक्स तिनं केला. भाऊजी आमच्या विहार समितीचे अध्यक्ष, त्यांनीच सांगितलं. कॉलेजच्या लॅबमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर बसून तिनं तो केला. पडद्यावर निळा रंग अगदी आभाळासारखा दिसत होता. छापून आला तो जांभळा! विहाराच्या दारावर निळ्याच्या जागी जांभळं, वांग्यासारखं. सगळ्या वस्तीनं बघितलं. भाऊजी माइकवरून म्हणाले, "आपल्याच मुलीला आपला रंग कळू नये?" पोरगी मागच्या रांगेत बसली होती. रडली नाही. घरी येऊन मला समजावून सांगितलं, की स्क्रीनवर रंग उजेडाचा असतो आणि छापताना शाईचा. पडदा चांगला नसेल तर आधी फरकच दिसत नाही, आणि निळा हमखास दगा देतो. "मम्मी, आपला निळा माझ्या हातून परत चुकणार नाही."

तेव्हापासून तिला तसला लॅपटॉप हवा होता. खरा रंग दाखवणारा, मोठाल्या फायली उघडताना न अडखळणारा. ह्यांनी ओव्हरटाइम केला, तिनं क्वार्टरमधल्या पोरांच्या चित्रकलेच्या शिकवण्या घेतल्या. पुढचा हिशेब मी कुणाला सांगत नाही, कारण विचारणाऱ्याला लॅपटॉप बघायचाच नसतो, तेवढा आकडाच हवा असतो.

बोलणारे बोललेच. "मुलीला एवढा?" "लग्नात उपयोग होईल हो." आणि भाऊजींचं ठरलेलं: "चित्रं काढायला एवढं मशीन म्हणजे भाजी चिरायला तलवार." आमू तो पाठीवर कधी घेत नाही. बसमध्ये सॅक पोटाशी धरून उभी राहते, लेकुरवाळ्या बाईसारखी. चार्जरच विटेएवढा आहे. कंडक्टर एकदा म्हणाला, "ताई, आत काय सोनं आहे का?" ही म्हणाली, "सोनं असतं तर रिक्षानं गेले नसते?"

शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून तिनं वंदनेचं पुस्तक करायला घेतलं. आमच्या विहारात म्हाताऱ्या बायकांना ते बारीक छापलेलं पुस्तक दिसत नाही, त्या पाठ असेल तेवढं म्हणतात आणि उरलेलं गुणगुणतात. आमूनं त्यांच्यासाठी अक्षरंच नवी काढली. मोठी, मोकळी, पाली भाषेतले जोडशब्द नीट सुटे दिसतील अशी. दर रविवारी दोन-चार पानं घरच्या प्रिंटरवर छापून न्यायची आणि दुर्गाबाईंना वाचायला लावायची. दुर्गाबाई आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर. जीभ शाबूत, डोळे अधू. एका रविवारी त्यांनी आख्खं पान न अडखळता वाचलं आणि म्हणाल्या, "इतकी वर्षं मी हे चुकीचं म्हणत होते की काय गं?" सगळ्या बायका हसल्या. आमू हसली नाही, तिनं ते टिपून घेतलं.

सोमवारी बाहेरचे परीक्षक येणार होते. त्याआधीच्या शनिवारी आमू अप्पा बळवंत चौकात पुस्तकाचा कागद बघायला गेली आणि मी विहार झाडायला. आम्ही दोघी घरी आलो तेव्हा टेबलावर नुसतं कव्हर होतं.

हे म्हणाले, "रोहन घेऊन गेला. त्याला प्रोजेक्ट करायचाय. दादानं सांगितलं होतं."

"पासवर्ड?" आमूनं विचारलं.

"तू मला सांगून ठेवला होतास ना. अडीअडचणीला."

"आणि चार्जर?"

"दिला की."

"छान," आमू म्हणाली. "पाहुणचार पूर्ण झाला."

शेवटच्या आठवड्यातलं सगळं काम त्या लॅपटॉपमध्येच होतं. ती तशीच भाऊजींच्या घरी गेली, बोपोडीला. भाऊजी दारातच म्हणाले, रोहन अभ्यासाला बसलाय, सोमवारी संध्याकाळी घेऊन जा, तुझ्या कॉलेजात कॉम्प्युटर पडलेत की. रविवारी लॅब बंद असते, हे तिनं सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि दार लावलं. पोरगी रिकाम्या हातानं परत आली. हे म्हणाले, "उद्या विहारात भेटेल दादा, मी शांतपणे बोलतो. मोठ्यांच्या दारात तमाशा नको." ह्यांच्या शांतपणावर माझा पंचवीस वर्षांचा विश्वास आहे. हे शांतच राहतात.

रविवारी सकाळी विहार भरलेला होता. त्रिसरण झालं, पंचशील झालं, सगळ्यांनी हात जोडून, डोळे मिटून म्हटलं. मग सूचनांची वेळ. भाऊजी माइकशी आले. साफसफाईचं बोलले, पाण्याच्या टाकीचं बोलले आणि मग आमच्याकडे बघून म्हणाले, "एक कौतुकाची गोष्ट. आमच्या आम्रपालीनं तिचा तो भारीतला लॅपटॉप आपल्या भावाला अभ्यासासाठी दिलाय. दान यालाच म्हणतात. तरुणांनी आदर्श घ्यावा."

"साधु, साधु, साधु," लोक म्हणाले. कुणाचा दोष नाही, दान म्हटलं की ते तोंडातून येतंच.

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे चटईचे दोरे बघत होते. आमू उठायला लागली, तिचा चेहरा लाल झाला होता. मी तिचा हात दाबून खाली बसवलं आणि स्वतः उठले. मी कधी विहारात उभी राहून बोललेली नाही. दिवे लावते, फुलं मांडते, मागं बसते.

"भाऊजी," मी म्हटलं, "दिलेला नाही. नेलेला आहे."

माइक हातात तसाच राहिला त्यांच्या. "आमूची आई, घरातलं घरात बोलू."

"घरातलं तुम्हीच माइकवर आणलंत. आत्ता आपण सगळ्यांनी दुसरं शील घेतलं, मीही घेतलं, तुम्हीही घेतलं. न दिलेलं घेणार नाही म्हणून. पोरगी घरात नव्हती, तिला कुणी विचारलं नाही. तिचं पुस्तक त्यात अडकलंय, उद्या तिची परीक्षा आहे. याला दान म्हणायचं असेल तर मला सांगा, उद्यापासून मी वंदनेत तो भाग म्हणणार नाही."

भाऊजी म्हणाले, "मुलगा अभ्यास करतोय, त्याच्या करिअरचा प्रश्न आहे. ही काय, चित्रंच काढणार."

तेवढ्यात दुर्गाबाईंचा आवाज आला. त्या भाऊजींच्या खालच्या मजल्यावर राहतात. "अध्यक्ष, एक विचारू? काल फॅक्टरीला सुट्टी होती ना?"

"होती. का?"

"मग संध्याकाळभर माझ्या डोक्यावर गोळ्या कोण झाडत होतं? रोहनच्या खोलीतून धडाम्-धुडुम्, मध्येच 'मार, मार' अशी त्याचीच आरोळी. मला वाटलं, फॅक्टरीनं दारूगोळ्याच्या चाचणीची जागा आता आमच्या बिल्डिंगमध्ये आणली."

आधी पोरं हसली, मग बायका, मग बाप्ये. रोहन दाराशी चपलांजवळ उभा होता, तो उलट्या चपला घालून निघाला. दुर्गाबाई मागून ओरडल्या, "चार्जरपण आण रे बाळा! आणि आमूचं पुस्तक उघडून नीट बघ, त्यातली पानं मी वाचलेली आहेत. एक जरी गेलं असेल तर मी वर येईन."

त्या हसण्यातच आमू उठली. ती भाऊजींसमोर गेली, आवाज न चढवता म्हणाली, "तात्या, निळा जांभळा झाला तेव्हा इथंच माइकवर बोलला होतात. तसं परत होऊ नये म्हणूनच मी हा लॅपटॉप घेतलाय. चित्रं काढायला नाही, आपला रंग बरोबर यायला."

भाऊजींनी माइक बंद केला. "यंदाचा फ्लेक्स आम्ही बाहेरून करून घेऊ," एवढंच म्हणाले.

"घ्या," आमू म्हणाली. "निळा तेवढा बघून घ्या."

तासाभरात लॅपटॉप आला. पुस्तकाची फाइल शाबूत होती. रोहननं टाकलेला गोळीबाराचा खेळही तसाच होता, तो काढून टाकावा एवढीही लाज त्याला वाटली नव्हती. तो आमूनं काढला आणि पासवर्ड बदलला. हे जवळच उभे होते. म्हणाले, "नवीन मला सांगू नकोस."

"सांगणारच नव्हते," ती म्हणाली, आणि ह्यांच्यासाठी चहा टाकायला गेली. चहा दोघांनी एकत्रच घेतला. मी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली आणि लॅपटॉप चालू होता म्हणून कव्हर घडी घालून बाजूला ठेवलं.

सोमवारी ती सॅक पोटाशी धरून बसमध्ये चढली. परीक्षकांनी पुस्तक उलटसुलट करून बघितलं, एकानं विचारलं, अक्षरं एवढी मोठी कशाला? आमू म्हणाली, "कारण वाचणाऱ्या बाईंनी सांगितलं." ती पास झाली, चांगली झाली. पण मला लिहायचं होतं ते वेगळं.

बुद्धपौर्णिमेला समितीचा बाहेरून केलेला फ्लेक्स लागला. खाली शुभेच्छुकांचे चेहरे, मध्ये भाऊजी सगळ्यांपेक्षा मोठे, आणि मागं सगळं जांभळं. त्याच संध्याकाळी ह्यांचा फोन वाजला. भाऊजी होते. पोरीला सांग, म्हणाले, रातोरात दुसरा करून दे म्हणावं, लोक हसतायत.

ह्यांनी फोन कानाला लावून क्षणभर माझ्याकडे बघितलं. मी भाकरी थापत राहिले.

"दादा," हे म्हणाले, "लॅपटॉप तिचा आहे. तिलाच विचार." आणि उठून तिच्या खोलीचं दार वाजवलं. आतून "थांबा, काम चाललंय" असं आलं. तेव्हा हे खरोखरच फोन हातात धरून दाराबाहेर थांबले.