पडीकाला लागलेल्या शेंगा

लातूर सोडलं तेव्हा पिशवीत पत्रकांचा गठ्ठा होता आणि डोक्यात भाषण तयार होतं. लोहा तालुक्यातल्या एका गावात ग्रामसभा होती. गावच्या गायरानावर सौरऊर्जा प्रकल्प घ्यायचा की नाही, ते तिथं ठरणार होतं, आणि ‘घ्या’ म्हणून सांगायला हवामानबदलावर काम करणाऱ्या आमच्या गटाने मला पाठवलं होतं. गावाचं नाव लिहीत नाही. ठराव अजून ताजा आहे, आणि ताज्या ठरावावर दाब यायला वेळ लागत नाही.

पुसाचा (पौषाचा) महिना, तरी एसटीच्या खिडकीतून गार वारं नाही. आभाळ भरलेलं. चाकूर मागे पडलं. अहमदपूरच्या स्टँडवर सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा तिखट उपमा) खाल्ली आणि शेजारच्या टोपीवाल्या बाबांच्या हातात एक पत्रक दिलं. त्यांनी ते लांब धरून मथळा वाचला: ‘हवा बदलली आहे.’

“कुणाची हवा हाय मग यंदा?”

“निवडणुकीची नाही बाबा. आभाळाची.”

“हां, ती व्हय. ती तं कवाच बदलली. पेरलं की पाऊस पळून जातो, काढायला गेलं की येऊन बसतो. तुमी आता छापून राहिले?”

आता छापून राहिलो, खरं आहे. आम्हा लातूरकरांना रेल्वेने पाणी आणून पाजलं गेलं, तरी आपण अजून ‘यंदा ऊन जरा जास्तच’ म्हणून गप्प बसतो. ऊन आपोआप वाढत नाही. कोळसा आणि तेल जळतं, त्याचा वायू वर साचतो आणि उष्णता धरून ठेवतो. तापलेली हवा जास्त पाणी उचलते, आणि मनात येईल तिथं एका रात्रीत ओतून मोकळी होते. ज्याच्या घरात एकच पंखा फिरतो त्याचं सोयाबीन शेतात कुजतं, आणि ज्यांच्या घरात खोलीखोलीला एसी आहे त्यांना त्या कुजक्या शेंगांचा वासही येत नाही. मला याचा राग येतो आणि मी तो लपवत नाही. उपायही ठाऊक आहे. कोळसा सोडा, ऊन धरा. मराठवाड्यात बाकी काही नसेल, ऊन आहे.

लोह्याच्या पुढे फाट्यावर मी उतरले. गवताचा भारा डोक्यावर घेतलेल्या, पन्नाशीच्या एक बाई थांबल्या होत्या. त्या गयाबाई. बुद्धविहाराच्या मागच्या वस्तीत राहतात.

“जय भीम. सभेत बोलणारी तूच का पोरी?”

“जय भीम, मावशी. सभेच्या आधी ती पडीक जागा बघायची आहे. सोलर होणार आहे ती.”

“पडीक?” त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. “चल, दाखवते.”

वाट काळ्या मातीची, आदल्या दिवशीच्या अवकाळीनं भिजलेली. माझी चप्पल रुतली आणि ओढताना पट्टा तुटला. गयाबाईंनी भारा खाली ठेवला आणि अंबाडीच्या वाकानं (सालीच्या दोरीनं) तो बांधून दिला. “लातूरच्या चपला रस्त्यापुरत्याच व्हय?” म्हणाल्या. मी हसले आणि चप्पल पायात घातली.

मग छातीएवढी तूर आली. हिरव्या शेंगांनी वाकलेली, मधून ज्वारीची तासं. मी तुरीच्या पलीकडे बघायला लागले.

“पडीक कुठं आहे?”

“ह्येच की. माझ्या सासऱ्यानं हितली दगडं येचली, तो बांध बघ त्या दगडांचा. कागदावर अजून पडीकच हाय. दाखव बरं तुझा कागद.”

त्यांनी बोट ठेवून मोठ्यानं वाचलं: “पडीक जमिनीवर सूर्य पिकवू या.” मग पत्रक मला परत दिलं. “मंग आमी काय पडून हाव का हितं? आज सभेनं हात वर केले की ह्ये गेलं. दुसरं रान न्हाई मला.”

ती ओळ मी चार जिल्ह्यांत वाटली होती.

“म्हणजे तुमचा सोलरला विरोध आहे?”

“कोण म्हणलं? पोरगा दुसऱ्याच्या गव्हाला रातच्या लाईनवर (विजेवर) पाणी देतो. साप-किरडू असतंय. दिवसा लाईन आली तं मी बी झोपंन. सोलर आण तू. माझ्या तुरीवर नको आणू.”

तुरीमागे एक उघडा, तांबडा माळ दिसत होता. “तो कुणाचा?” मी विचारलं.

“गावाचाच. बरड (मुरमाड माळ) हाय. तिथं कुसळाशिवाय काय येत न्हाई.”

त्यांच्या घरी भाकरी, अंबाडीची भाजी आणि लसणाची चटणी खाल्ली. जेवताना डोक्यातलं भाषण मी अर्धं फेकून दिलं.

सभा शाळेच्या पटांगणात होती. टेबलामागे सरपंच आणि इस्त्रीच्या शर्टातला, सोलर कंपनीनं पाठवलेला एक तरुण. गयाबाई आल्या त्या तुरीच्या शेंगांचं एक डहाळं टेबलावर ठेवून खाली बसल्या. कंपनीचा माणूस म्हणाला, “नोंदीनुसार जमीन पडीक आहे. कुणाचंही नुकसान नाही.”

मग मी उठले. कोळसा का सोडायचा, दिवसा वीज मिळाली तर काय बदलेल, ते सांगितलं. टाळ्या पडल्या. मग मी म्हणाले, “पण ही जागा पडीक नाही. मी आत्ता बघून आले.”

“मंग कागदावर का छापलं?” मागून एकजण.

“चुकीचं छापलं. न बघता.”

हशा पिकला. मी काही बोलायच्या आत दुसरा हशा उठला, आणि तो माझ्यावर नव्हता. कंपनीचा माणूस माझं भाषण ऐकता ऐकता एकेक शेंग सोलून कोवळे दाणे खात होता. टेबलावर टरफलांचा ढीग झाला होता.

“साहेब,” गयाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, “पडीक गोड हाय का?”

त्याचं तोंड भरलेलं. सरपंचांनी डहाळ्याकडे नेलेला हात मागे घेतला.

मी ती वेळ सोडली नाही. “प्रकल्प बरडावर नेला तर काय अडतं?”

“विजेचे खांब जास्त लागतील,” तो घास गिळून म्हणाला.

“आणखी?”

“रस्ता करावा लागेल.”

“आणखी?”

“आणखी काही नाही.”

“मंग आधी का न्हाई बोललात?” सरपंचांनी विचारलं.

“कुणी विचारलं नाही.”

सभेनं प्रकल्प घेतला, बरडावर घेतला. गायरान वगळलं आणि शेतीला दिवसा वीज द्यायची अट घातली. मतदानाला गयाबाईंनी दोन्ही हात वर केले. “एकच मोजतो हां,” सरपंच म्हणाले. “मोज की,” त्या म्हणाल्या, पण दुसरा काही खाली घेतला नाही.

मी लातूरला न परतता उलट्या दिशेची गाडी पकडून नांदेडला गेले. तिथल्या छापखान्यात आमच्या पत्रकांची पुढची खेप यंत्रावर चढायची होती. मालक चष्मा वर करून म्हणाले, “एका शब्दासाठी इतक्या लांब आलात? बरं, ‘पडीक’ काढतो. त्याजागी काय टाकू?”

“‘गावाला विचारून, बरड जमिनीवर.’”

“ओळ लांब होईल ताई. घोषणेत बसायची नाही.”

“होऊ द्या लांब.”

परतीच्या गाडीत उरलेल्या जुन्या पत्रकांवरचा तो शब्द पेनानं खोडत बसले. राग गेलेला नाही. कोळसा अजून जळतोय, आणि ऊन धरायची घाई मला आजही तेवढीच आहे. पण यापुढे कुठलीही जमीन मी तुडवल्याशिवाय पडीक म्हणणार नाही.

निघताना गयाबाईंनी दिलेल्या शेंगा घरी मीठ घालून उकडल्या आणि दुसऱ्या दिवशी गटाच्या बैठकीला नेल्या. आमचे ज्येष्ठ सहकारी खोडलेलं पत्रक हलवत म्हणाले, “चांगला शब्द होता, का खोडला?” मी डबा उघडून त्यांच्यापुढे सरकवला.

“आधी खा, काका. मग बोलू.”