इन्फर्मेशन, नॉलेज आणि बशी

इन्फर्मेशन आणि नॉलेज यांतला फरक मी वर्गात मोठ्या ऐटीत समजावत असे. परवा दवाखान्यात माझीच परीक्षा झाली. बायको तापानं मलूल. दोन दिवस पोटात पाण्याचा घोट नाही. मी मात्र तिचे सगळे रिपोर्ट तोंडपाठ करून वॉर्डमधल्या मावशींना नाटकातल्यासारखे ऐकवत होतो.

"ते राहू द्या, सर," मावशी म्हणाल्या. "ताई घरी चहा बशीतून घेतात की कपातून? सवयीचं दिलं की माणूस घोटभर तरी घेतं."

बत्तीस वर्षं आम्ही समोरासमोर चहा प्यालो, पण माझं तोंड पेपरात. इन्फर्मेशन खच्चून भरलेली, नॉलेज शून्य.

तिच्या कानाशी वाकून मी विचारलं, "बशी की कप?"

तिचे ओठ जेमतेम हलले. आवाज फुटला नाही. मी पुन्हा विचारलं आणि या वेळी कान तिच्या ओठांशी नेला.