वाळीत टाकलेली होडी

माझ्या बाला देवीच्या देवळात उभं केलं तेव्हा मी दाराशीच होते. अख्खी गावकी बसली होती. मुख्य पंचानं त्याच्या हातात देवीपुढचा नारळ दिला.

“आईची शप्पत घेऊन सांग. मत कोनाला दिलंस?”

ग्रामपंचायतीची निवडणूक होऊन चार दिवस झाले होते. सगळ्या घरांनी पंचाच्या पुतण्यालाच मत द्यायचं, असा गावकीचा हुकूम होता. पुतण्या पडला, गावचा शिंपी निवडून आला. म्हणून ही झडती. एकेक पुरुष नारळ हातात घेऊन शपथ घेत होता.

दर्यावर जाणारा माणूस देवीचा नारळ धरून खोटं बोलत नाही. निदान माझा बा तरी नाही.

“शिंप्याला दिला,” तो म्हणाला. “भला मानूस हाय.”

पुतण्या दणकून पडला होता. म्हणजे शिंप्याला मत देणारे कितीतरी होते. ते कसे सुटले, मला आजही ठाऊक नाही.

“मंग नाक घास. हितं, माज्या पायाशी,” पंच म्हणाला.

“मत गुपित आस्तं. सरकारनं सांगितलाय,” बा म्हणाला. लोक खदाखदा हसले. पंच म्हणाला, “जा. तुजा सरकारच आता तुज्या होरीच्या दोराला हात लावील.” बाहेर पडताना कोणीतरी बाच्या डोक्यावरची टोपी उडवली. हसणाऱ्यांत माझा सख्खा मामा होता.

त्या दिवसापासून आम्ही वाळीत. आय विहिरीवर गेली की बायका कळश्या उचलून बाजूला होत. दुकानदार मीठसुद्धा देईना. आय चौलपर्यंत चालत जाऊन मीठ आणायची. माझं ठरलेलं लग्न मोडलं. मला त्याचं काही वाटलं नाही असं म्हणणार नाही. फार वाटलं. चुलीपुढे बसून रडले.

पण मी सातवी शिकलेली. घरात लिहिता येणारी मी एकटी. जातीबाहेर टाकणं गुन्हा आहे, मुंबई सरकारचा एकोणपन्नास सालचा तसा कायदा आहे, हे मला त्या शिंप्यानंच सांगितलं. अर्ज मी लिहिला. बानं खाली अंगठा उठवला. तालुक्याच्या एका वकिलानं तो कोर्टात घातला. तारखा पडत गेल्या. बा प्रत्येक तारखेला धुतलेला सदरा घालून जायचा.

वैशाख आला तसा आमचा जीव खालीवर व्हायला लागला. पावसाळ्याआधी सगळ्या होड्या वाळूवरून वर ओढतात, माडाच्या झापांनी शाकारतात. हे एकट्यादुकट्याचं काम नाही. होडीखाली ओंडके घालायचे, दोराला तीस माणसं लागायची, तेव्हा कुठे ती हलते. आज तुझी, उद्या माझी, अशी सगळा कोळीवाडा एकमेकांची होडी ओढतो. आमच्या दोराला हात लावणारं कोणी नव्हतं. होडी खाली राहिली तर आषाढाच्या उधाणात तिचे तुकडे होणार. आणि होडीशिवाय आमच्यापाशी दुसरं काय होतं? काही नव्हतं.

शेवटच्या तारखेला मीही गेले. पाच मिनिटांत उरकलं. मॅजिस्ट्रेट म्हणाले, “हा कायदाच आता उरलेला नाही. अर्ज निकाली.”

व्हरांड्यात वकिलांनी समजावलं. दुसऱ्याच कुठल्या जमातीचा खटला दिल्लीच्या सर्वोच्च कोर्टात गेला होता. धर्माचा कारभार आपला आपण करायचा हक्क घटनेनं पंथांना दिलाय, आपल्या माणसाला बाहेर काढणं त्यातच येतं, असा कोर्टानं अर्थ लावला. सगळा कायदा रद्द झाला.

“आनि माज्या बाचा हक्क?” मी विचारलं.

“तोही घटनेतच आहे.”

“मंग मोठा कुनचा?”

वकील कागद बांधत राहिले.

परतल्यावर बा, आय आणि मी तिघांनी दोर खांद्यावर घेतला. ओढला. पुन्हा ओढला. आय तोंडावर पडली. होडी इंचभरही हलली नाही. वर, माडांखाली माणसं बसून बघत होती. त्यांना ओढायचं नव्हतं एवढंच. तो त्यांचा हक्क.

दुसऱ्या दिवशी बा मला न सांगता देवळात गेला. मागून मला बोलावणं आलं. मी गेले तेव्हा त्याचं नाक सोललेलं होतं. नाकाला, मिशीला धूळ लागली होती. तो माझ्याकडे बघेना. अंगणात तीस जण दोर घेऊन तयार उभे होते.

पंच म्हणाला, “बापाचा झाला. आता अर्ज लिवनारीचा.”

आय मागून माझा पदर ओढत होती. “घास गो बाय. येकदाच. होरी वाचंल.”

मी बाच्या नाकाकडे बघितलं. वाकले असते तर अर्ध्या तासात होडी वर आली असती, हे मला पक्कं ठाऊक होतं.

“न्हाय,” मी म्हणाले.

तीस जण दोर गुंडाळून घरी गेले.

आषाढात होडी फुटली. तिच्या फळ्या महिनाभर वाळूत पडून होत्या. जळणालासुद्धा कोणी उचलल्या नाहीत. बा मुंबईला परक्या बोटीवर खलाशी म्हणून गेला. जाताना माझ्याशी एक शब्द बोलला नाही. आय म्हणाली, “गावकीनं त्याला येकदा मारला, तू दुसऱ्यांदा मारलास.” मी तिला खोटं ठरवू शकत नाही. ते ओझं माझंच आहे आणि ते हलकं होत नाही.

पाऊस उघडल्यावर मी नवा अर्ज लिहिला. कोर्टाच्या कारकुनानं वरून खाली वाचला आणि विचारलं, “कुठल्या कायद्याखाली?”

“ती जागा मोकळी ठेवा. कायदा व्हईल तवा भरा. तवर दर साली मी येनार.”

त्यानं अर्ज हातात घेतला नाही. मी तो त्याच्या टेबलावर ठेवला, वर त्याचीच दौत ठेवली आणि आले. नाक मी गावकीपुढे घासलं नाही. कोर्टापुढेही घासणार नाही.