पाद्र्याच्या घराचं मागचं दार

इथे आखातात, आमच्या अदलियातल्या ऑफिसचे इंग्रज साहेब निवृत्त होऊन मायदेशी निघाले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली: लहानपणच्या घराचं लाकडी मॉडेल. वडील पाद्री, म्हणून घर चर्चचं, व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं. पुढे ते विकलं गेलं आणि नव्या मालकाने पाडून टाकलं. उरला एक फोटो, तोही समोरून. फोटोत नाही ते काही घालू नका, असं साहेबांनी दोनदा बजावलं.

नकाशे काढण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही, हे मीच सांगते. पण ते घर म्हणजे नुसता वैताग. छप्पर इतकं उतरतं की कावळा बसला तर घसरेल, खिडक्यांना टोकदार कमानी, आणि धुराडी किती, तर सहा. मीना सलमान बंदरातल्या वर्कशॉपमधले आमचे रत्नागिरीचे सुतारचाचा नकाशा बघून म्हणाले, पाद्री काय बेकरी चालवायचा? मी सांगितलं, तिकडे थंडी फार, खोलीखोलीत शेकोटी. चाचांनी कपाळाचा घाम पुसला. त्यांना काही ते पटलं नाही.

आठवड्याने मॉडेल आणायला गेले, तर धुराडी सहाच्या सहा, कमानी झकास, आणि मागच्या भिंतीला एक छोटं दार. माझं डोकंच फिरलं. फोटोत मागची बाजूच नाही, मग हे आलं कुठून? चाचा म्हणाले, त्यांचे वडील गावच्या मशिदीचे इमाम. दिवसभर ओटीवर माणसं. कोणाचं भांडण, कोणाची म्हैस आजारी. दोन घास सुखाने खायचे, तर ताट घेऊन मागच्या दाराने परसात पळावं लागे.

"धर्माच्या माणसाच्या घराला मागचं दार लागतंच, बाई."

बुजवा म्हटलं, तर म्हणाले, खलास, सरस वाळला. आणि साहेबांचं विमान दुसऱ्या दिवशी.

मी मॉडेल टेबलावर ठेवलं, मागची बाजू भिंतीला चिकटवून. साहेबांनी धुराडी मोजली, खूश झाले, आणि मी काही बोलायच्या आत ते फिरवलं. त्यांची नजर दारावर थांबली. मी मनातल्या मनात चाचांच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू केला.

साहेबांनी बोटाने दार हळूच लोटलं. ते उघडलं. चाचांनी गुपचूप बिजागरीही बसवली होती.

"बाबा इथूनच पळायचे," साहेब म्हणाले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "तुम्हाला कसं कळलं?"

मी मान ताठ केली. "आमच्या धंद्यात कळावंच लागतं, सर."