टीचरला बाथरूमला जायचंय

विशेष मुलांना शिकवणारी माणसं देवमाणसं असतात. मुलुंडला आमच्या शाळेत जिन्यासमोर हे वाक्य संगमरवरात कोरलेलं आहे. खाली देणगीदाराचं नाव आहे, वाक्यापेक्षा मोठ्या अक्षरात. देवमाणसांची मला फारशी माहिती नाही. मला सकाळी साडेदहाच्या सुमारास लघवीला लागते.

त्या दिवशीही लागली होती. वर्गात पाहुणे होते, कुठल्याशा कंपनीचे. गळ्यात ओळखपत्रं, बूट काढावेत की नाही अशा विचारात दारात घुटमळणारे. अध्यक्षबाई त्यांना वर्ग दाखवत होत्या. अध्यक्षबाई म्हणजे शाळा चालवणाऱ्या ट्रस्टच्या प्रमुख. साडी हातमागाची, आवाज मऊ. मुलांना त्या 'दिव्य आत्मे' म्हणतात आणि शिक्षिकांना 'तू'. माझी चाळिशी उलटली आहे, पण आत्मा दिव्य नसल्यामुळे मी 'तू'मध्येच.

मी बराच वेळ कळ काढली होती. शेवटी त्यांच्याजवळ गेले आणि हळू आवाजात म्हटलं, "मॅडम, पाच मिनिटं कुणाला तरी वर्गात थांबवता का? मला बाथरूमला जायचंय."

हळू म्हटलं, कारण उत्तरही हळू येईल असं वाटलं. अध्यक्षबाई पाहुण्यांकडे वळल्या.

"आमच्या टीचर बघा. मुलांना कंट्रोल शिकवतात आणि स्वतःला पाच मिनिटं कंट्रोल होत नाही."

पाहुणे हसले. वाईट हेतूने नाही. यजमानाने विनोद केला की हसतात तसे. एकाने तेवढी मान खाली घालून मोबाइल काढला. त्याच्याबद्दल अजून मला बरं वाटतं.

मग मला म्हणाल्या, "थांब बेटा. फोटो होऊ दे."

फोटो झाला. तो ऑफिसात लावलाय. त्यात मी हसते आहे. गुडघे एकमेकांवर दाबून धरलेत, ते नीट बघितलं तर दिसतं. खाली लिहिलंय : समर्पण.

लोक विचारतात, मग सरळ उठून का नाही गेलीस? तर ऐका. माझ्या वर्गात ओजस आहे. तेरा वर्षांचा, माझ्यापेक्षा उंच. बोलत नाही. दार उघडं दिसलं की पळतो आणि फाटकाबाहेर बसचा रस्ता आहे. दुसऱ्या एका मुलीला फिट येते. तिसरा चिडला की भिंतीवर डोकं आपटतो. या वर्गाला दोन मोठी माणसं लागतात. पूर्वी होती. मी आणि मदतनीस सुनीतामावशी. मग शाळेचं काम चांगलं आहे असा बोलबाला झाला. त्यामुळे पाहुणे वाढले. पाहुण्यांना चहा लागतो. म्हणून सुनीतामावशी आता ऑफिसात चहा करते. आम्ही चांगलं काम केल्याची ही शिक्षा. फक्त तिला शिक्षा म्हणत नाहीत, 'व्यवस्थापन' म्हणतात.

म्हणून आम्ही पाणी पीत नाही. हे कुणी शिकवलं नाही. नवीन शिक्षिका आली की पहिल्या महिन्यात आपोआप शिकते. सकाळी घरून निघताना चहासुद्धा अर्धा कप. शाळेत तोंड ओलं करण्यापुरतं. कोरडे ओठ, दुपारी डोकं ठणकतं, संध्याकाळी घरी पोचल्यावर तांब्यावर तांब्या घशात ओतायचा.

मला आधी जळजळ सुरू झाली. मग ताप. कांजूरमार्गला आमच्या चाळीजवळच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाणी पीत नाही का? शिक्षिका ना तुम्ही, एवढं कळत नाही? मी म्हटलं, कळतं. गोळ्यांचा कोर्स झाला. पुन्हा झालं, पुन्हा कोर्स. यंदा लघवीतून रक्त गेलं. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि आवाज खाली आणला. इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलंय म्हणाल्या. परत झालं तर मी जबाबदार नाही.

शरीराचं एक वेळ ठीक. दुसरंही काहीतरी संपत चाललं होतं आणि त्याला गोळ्या नव्हत्या. भाची मांडीवर चढली की माझे खांदे आखडायचे. कुणी हात लावलेला सहन होईना. ओजस दंडाला चावला तर राग येईना, त्याची दयाही येईना. एक दिवस तो कान दाबून रडत बसला होता आणि मी घड्याळाकडे बघत होते. त्याच्याकडे नाही, घड्याळाकडे. या मुलांसाठी मी चांगली बँकेची नोकरी नाकारली होती. आता ती मुलं समोर होती आणि मी कुठेच नव्हते. रक्तापेक्षा त्याची मला जास्त भीती वाटली.

न बोलणाऱ्या मुलांना आम्ही चित्रं देतो. छोटी कार्डं. पाण्याचं, खाऊचं, बाथरूमचं. मुलाने कार्ड हातात दिलं की ती त्याची मागणी. ओजसला बाथरूमचं कार्ड द्यायला शिकवायला आख्खं वर्ष गेलं. या कामात एक नियम आहे, त्याला अपवाद नाही. मुलाने कार्ड दिलं की हातातलं सगळं टाकून लगेच उठायचं. थांब म्हणायचं नाही. फोटो चालू असला तरी नाही.

ओजसची आई भांडुपहून त्याला घेऊन येते. शिवणकाम करते. तिची तक्रार होती की घरी तो कार्ड देतच नाही. मी विचारलं, दिल्यावर तुम्ही लगेच उठता का? ती म्हणाली, कधी कुकर असतो, कधी मशीनवर कापड असतं, म्हणते थांब जरा. मी तिला समजावलं. वर्षानुवर्षं समजावते त्याच शब्दांत.

"मागून मिळालं नाही ना, की मूल मागणं सोडून देतं. मग ते शांत दिसतं. लोकांना वाटतं, किती शहाणं झालं."

ती हसली. "म्हणजे माझ्यासारखं, टीचर."

मीही हसले. मग हसता येईना. माझंच वाक्य माझ्या कानात बसलं. आमच्या स्टाफरूमकडे बघून प्रत्येक पाहुणा म्हणतो, किती शांत आहेत हो तुमच्या शिक्षिका. केवढा संयम. आम्ही संयमी नव्हतो. मागणं सोडलेल्या बायका होतो. आणि आम्हाला कुणी कार्डसुद्धा दिलं नव्हतं.

शाळेला आमची काळजी नाही असं मात्र म्हणता येणार नाही. त्याच महिन्यात, सुटीच्या शनिवारी, शिक्षिकांसाठी ताणमुक्ती शिबिर झालं. एक बाई आल्या होत्या, मंद संगीत लावून. डोळे मिटा. छातीवर हात ठेवा. स्वतःला सांगा, मी पुरेशी आहे. शेजारच्या वर्गाची शिल्पा माझ्या बाजूला होती. ती इतकी पुरेशी होती की घोरायला लागली. शेवटी त्या बाईंनी सांगितलं की दिवसभर भरपूर पाणी प्या.

मी हात वर केला. म्हटलं, पाणी पिऊ. मग बाथरूमला जाताना वर्गात कोण थांबणार तेही सांगा. सुनीतामावशीला परत द्या, एवढंच हवंय.

अध्यक्षबाई पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी डोळे उघडले. "आजचा दिवस निगेटिव्ह नको करूस, बेटा. आता श्वासाकडे लक्ष दे."

मी श्वासाकडे लक्ष दिलं. तो चालू होता.

नंतर पुन्हा पाहुणे आले. तीच मिरवणूक, तेच दिव्य आत्मे. सुनीतामावशी ट्रे घेऊन दारात. मी सकाळी मुद्दाम पाणी प्यायले होते, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तेवढं. अध्यक्षबाई पाहुण्यांना सांगत होत्या की आमच्याकडे मुलाची प्रत्येक गरज ओळखली जाते. मी ओजसला उठवलं. त्याला घेऊन त्यांच्यासमोर गेले. यावेळी हळू बोलले नाही.

"मॅडम, मी बाथरूमला जातेय. याचा हात सोडू नका. सोडलात तर तो रस्त्यावर जाईल."

ओजसचा हात त्यांच्या हातात दिला. मावशीला म्हटलं, ट्रे खाली ठेव, फिट येते त्या मुलीजवळ बस. बाहेर पडले आणि बाहेरून कडी घातली. गेले. घाई केली नाही. हात साबणाने धुतले.

परत आले तेव्हा पाहुणे भिंतीला चिकटून उभे होते. ओजस मजेत होता. अध्यक्षबाईंचा पदर त्याने मुठीत गुंडाळला होता आणि तो नाकाशी धरून हुंगत होता. त्यांचा अंबाडा सुटला होता. दोन्ही हातांनी त्यांनी त्याचं मनगट असं धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी लगेच ओळखलं. रोज आरशात बघते.

"कुठे होतीस?"

"बाथरूमला."

त्या वेळी बेटा म्हणाल्या नाहीत.

दुपारी मुख्याध्यापिकांनी बोलावलं. त्या वाईट नाहीत, फक्त घाबरलेल्या आहेत. म्हणाल्या, मुलांच्या सुरक्षेशी खेळलीस असं ट्रस्टचं म्हणणं आहे. सगळ्या स्टाफसमोर, अध्यक्षबाईंच्या उपस्थितीत माफी माग, नाहीतर घरी बस. भावनेच्या भरात झालं म्हण, तेवढं पुरे.

मी म्हटलं, "भावना नव्हती मॅडम. लघवी होती."

त्यांनी कपाळाला हात लावला.

बाहेर शिल्पाने गाठलं. येडी आहेस का गं, म्हणाली, आम्हालाही अडचण होते, आम्ही बोलतो का? मग इकडेतिकडे बघून म्हणाली, "तुझं बरोबर आहे. पण माझं नाव घेऊ नकोस." तेव्हापासून डब्याला मी एकटी बसते. घरी आईने सगळं ऐकून घेतलं. "माफी माग आणि गप रव," म्हणाली, "तोंड काय झिजाचा नाय." तिचं आयुष्य असंच गेलं. तोंड झिजलं नाही, बाकी सगळं झिजलं. माझ्या पगारावर घर चालतं, हे तिला म्हणायचं होतं. म्हणाली नाही, हे तिचे उपकार.

रात्री झोप लागत नाही. कोण आपल्या बाजूने आहे ते मोजायला गेलं तर ओजसशिवाय नाव आठवत नाही आणि तो बोलत नाही.

तरी सांगते. माफी मागणार नाही. राजीनामाही देणार नाही. हाकलायचं असेल तर कारण मोठ्याने सांगून हाकला : ही बाई बाथरूमला गेली. मी पाणी पिणार. लागली की उठणार, आणि उठताना समोर जे मोठं माणूस असेल त्याच्या हातात ओजसचा हात देणार. मुख्याध्यापिका असोत, अकाउंटंट असो, पाहुणा असो. वर्गात दुसरं माणूस मिळेपर्यंत, रोज.

माफीची सभा सोमवारी होती. ती पुढे ढकलली आहे. अध्यक्षबाईंना थकवा आल्यामुळे डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे.