सापसुरळीचा दुसरा चावा

त्या पठाणाचं नाव मला माहीत नाही, तरी चहाचा कप हातात आला की मनातल्या मनात त्याला सलाम करतो.

आखातातल्या अल सुलैच्या यार्डात पाइप उचलताना बोटभर सापसुरळी माझ्या अंगठ्याला चावली. “सापसुरळी म्हणजे खलास!” आमचे रत्नागिरीवाले ओरडले. त्यांनी सुतळीनं मनगट करकचून आवळलं. हात निळा पडला, जीभ कोरडी झाली, दरदरून घाम फुटला. मी घरी फोन लावायला सांगितला.

तेवढ्यात पाण्याच्या टँकरवरून तो पठाण उतरला. मेंदी लावलेली दाढी, कानामागे दात घासायची मिसवाकची काडी. त्यानं आधी सुतळी सोडली. मग पाइपाखालची सापसुरळी पकडून स्वतःचं बोट तिच्या तोंडात दिलं. तीही कडकडून चावली. तो माझ्याशेजारी मांडी घालून बसला, थर्मासमधला चहा एकाच कपात ओतला, अर्धा प्यायला, अर्धा मला दिला. चहा संपला तरी आम्ही दोघंही धडधाकट.

“चाचा, इसमें जहर नहीं, आपको पता था ना?”

“नहीं,” तो उठत म्हणाला. “मगर तू बहुत अकेला लग रहा था।”

माझ्याभोवती तेव्हा सगळे गाववाले उभे होते. बसलं मात्र कोणीच नव्हतं.