गवताचा कावळा मला चालणार नव्हता

आम्ही दोघांनी मिळून केलेली शेवटची गोष्ट म्हणजे निवडणुकीच्या फळीपुढे उभं राहून उमेदवारांची तोंडं बघितली. त्यानंतर चार तासांत माझी बायको गेली.

टोकियोच्या ज्या भागात आम्ही राहतो, हिगाशी-कसाईला, तिथे निवडणूक आली की रस्त्याच्या कडेला एक पांढरी फळी उभी करतात. तिच्यावर रकाने पाडलेले असतात. ज्याने त्याने आपला फोटो आपल्याच रकान्यात चिकटवायचा, दुसऱ्याच्या थोबाडावर नाही. मी भोसरीत चाळीस वर्षं लेथवर काम केलं, पण एवढं मापात राहणारं राजकारण कधी बघितलं नव्हतं.

नात पहिलीत. इथली मुलं शाळेत एकटी जातात-येतात, पण आमच्या हिला ते मान्य नव्हतं. म्हणून रोज दुपारी आम्ही दोघं नातीला आणायला निघायचो आणि वाटेत त्या फळीपुढे ही थांबायचीच. दोघांनाही जपानी वाचता येत नाही. मला तर मराठीही सातवीपर्यंतचंच. पण हिला वाचायची गरज नव्हती. ती चेहऱ्यावरून निकाल द्यायची. हा घरात ताट उचलत नसणार. ह्याचं त्याच्या भावाशी पटत नाही. ही बाई बरी, हिने कुणाचं तरी मोठं आजारपण काढलेलं दिसतं, हिला माझं मत. मी म्हणायचो, तुला मत विचारलंय कोणी. ती म्हणायची, तुम्हाला भोसरीत तरी कोण विचारत होतं.

त्या दिवशी आम्ही उभे असताना प्रचाराची गाडी आली, कर्ण्यातून एक माणूस तावातावाने बोलत होता. तेवढ्यात नात शाळेतून आली. हिने तिला विचारलं, हा एवढा का तापलाय. नात ऐकून म्हणाली, परदेशी लोक फार झाले, ते नियम पाळत नाहीत, असं म्हणतोय. ही हसली. घरी येताना मात्र मला म्हणाली, "हा निवडून आला तर आपल्याला काढतील."

मी म्हणालो, "आपण तसेही निघालोच आहोत."

"तुम्ही निघालात. मला नाही जायचं," ती म्हणाली आणि पुढे चालायला लागली.

हे भांडण जुनं होतं. मुलगा इथे कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, सूनही नोकरी करते. नात लहान असताना तिला सांभाळायला म्हणून आम्हाला राहायची परवानगी मिळाली होती. मूल सात वर्षांचं झालं की ती संपते. नातीला पुढच्या महिन्यात सात पूर्ण होणार होती. दोघांची तिकिटं काढून झाली होती. मी खुशीत होतो. भोसरीत दोन खोल्या आहेत, ओळखीची माणसं आहेत, सकाळी टपरीवर उभं राहून कुणालाही शिवी देता येते. हिला ते काही नको होतं. तिला नातीची वेणी घालायची होती.

तिच्या हट्टापायी मुलाने कागदपत्रांची कामं करणाऱ्या एका वकिलाला गाठलं. वकील म्हणाला, म्हातारे आईबाप दोघे असले तर अवघड आहे, कारण ते मायदेशी एकमेकांना सांभाळू शकतात. एकटा माणूस राहिला आणि तिकडे त्याचं कोणी नसेल, तर विचार होतो. मिळेलच असं नाही, आणि निवडणुकीनंतर काय नियम येतील तेही सांगता येत नाही. मुलाने हे घरी येऊन चाचरत सांगितलं. ही भाजी निवडत होती. तिने मान वर न करता मला सांगितलं, "अहो, म्हणजे आपल्यातलं एक गेलं की दुसऱ्याचं काम झालं. तुम्ही आधी गेलात तर मी राहीन. मी गेले तर तुम्हीही राहायचं. कबूल करा."

मी कबूल केलं नाही. म्हणालो, तू गेलीस तर दुसऱ्या दिवशी विमानात बसेन. ती म्हणाली, वरणाला फोडणी देता येत नाही आणि निघाले एकटे राहायला. विषय तिथेच राहिला.

तर त्या दिवशी फळीपुढून घरी आलो. पाठीत भरून आलंय म्हणाली. मी म्हणालो, पड जरा. अर्ध्या तासाने तिला घाम फुटला. सून त्या दिवशी घरी होती, तिने फोन केला, माझा चहा निवायच्या आत दवाखान्याची गाडी दारात. त्यांनी कसर ठेवली नाही. संध्याकाळी डॉक्टरने आमच्यापुढे कमरेत वाकून नमस्कार केला तेव्हा मला भाषेची गरज पडली नाही.

इथे दहनाच्या ठिकाणी हाडं अख्खी राहतील एवढाच जाळ देतात आणि मग घरच्यांनी ती काड्यांनी उचलून भांड्यात ठेवायची. मुलाच्या काड्यांतून हाड निसटत होतं. माझ्या नाही निसटलं. हाताने काम करणारा माणूस मी, आणि हे तिचं शेवटचं काम होतं.

चौथ्या दिवशी वकिलाचा फोन आला. आता अर्ज करता येईल म्हणाला, पण मुदत संपत आलीय, लवकर करा. मुलाने मला सांगितलं. मी त्याला सांगितलं की बायको मेली म्हणून मिळणारी सवलत मला नको. सून रडली. माझं तिकीट तसंच ठेवायला सांगितलं, तिचं तेवढं रद्द करायला लावलं.

मग दहावा आला. पुण्याचे गुरुजी फोनवरून सांगणार होते. त्यांनी आधीच सांगून ठेवलं की परदेशात कावळा मिळत नाही, अशा वेळी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावायचा, शास्त्रात सोय आहे. मुलाला ते फार बरं वाटलं. भारतीय दुकानातून त्याने दर्भाची जुडी आणलीसुद्धा.

मी म्हणालो, कावळा मिळत नाही कुठे? भोसरीत हल्ली कावळा शोधावा लागतो. इथे कोंबडीएवढे काळेकुळकुळीत कावळे आहेत, कचऱ्याच्या पिशव्यांवर जाळी टाकावी लागते त्यांच्यापायी. एवढे कावळे डोक्यावर असताना मी बायकोला गवताचा कावळा लावणार नाही.

मुलगा म्हणाला, "बाबा, इथे पक्ष्यांना खायला घालत नाहीत. पाट्या आहेत. कोणीतरी फोटो काढेल, परदेशी लोक घाण करतात म्हणून इंटरनेटवर टाकेल. सध्या दिवस कसे आहेत तुम्हाला माहिती आहे. आपले सगळ्यांचे कागद ह्या लोकांच्या हातात आहेत."

"तुझ्या आईचा घास त्यांच्या हातात नाही," मी म्हणालो.

त्याचं चुकत होतं असंही नाही. त्याला इथे आयुष्य काढायचं आहे. पण मीही मागे हटणारा नव्हतो.

सकाळी दहाच्या सुमारास आम्ही चौघं नदीच्या बांधावर गेलो. सुनेने भाताचे पिंड केले होते. इथला तांदूळ चिकट, त्यामुळे पिंड असे गोल आणि घट्ट वळले गेले की माझ्या जन्मात तसे बघितले नव्हते. वर काळे तीळ. बांधाच्या उतारावर पाण्याजवळ केळीचं पान मांडलं. जवळच एक पाटी होती, तिच्यावर कबुतराचं चित्र आणि त्यावर लाल काट. मुलगा पाटीकडे पाठ करून उभा राहिला. गुरुजींनी मंत्र म्हटले, मुलाने पाणी सोडलं, आणि आम्ही चार पावलं मागे सरलो.

दिव्याच्या खांबावर तीन कावळे बसलेले. बघत होते. एकही हलेना.

गुरुजी फोनवरून म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर बोला. मुलाने हात जोडले आणि आईला सांगितलं की अस्थी नाशिकला नेतो. कावळे तसेच. सून म्हणाली, आई, बाबांना काही कमी पडू देणार नाही. एक कावळा उडाला आणि दुसऱ्या खांबावर जाऊन बसला. नातीने विचारलं, आजीची इच्छा कारासुला कशी कळणार. कारासु म्हणजे कावळा.

एवढ्यात बांधावरून सायकल थांबल्याचा आवाज आला. माझ्याच वयाचा एक जपानी म्हातारा, दंडाला वस्तीच्या राखणीची हिरवी पट्टी. त्याने पाटीकडे बोट केलं, मग पानाकडे केलं, आणि काहीतरी विचारलं. मुलगा लगबगीने पुढे झाला, वाकला, माफी मागायला लागला. म्हातारा त्याचं ऐकत होता पण बघत माझ्याकडे होता. मग नात मध्ये घुसली आणि तिच्या भाषेत धडाधड बोलली. तिने काय सांगितलं ते मी नंतर विचारलं. आजी वारली, हा तिचा भात आहे, कारासुने खाल्ला की आजीला मिळतो, पण तो येत नाही, आणि आबा हट्टी आहेत.

म्हाताऱ्याने सायकल स्टँडला लावली. हसला वगैरे नाही. आमच्याकडेही थडग्यावर खायला ठेवतात, असं त्याने नातीला सांगितलं, पण कावळे नासधूस करतात म्हणून हात जोडून झाले की घरी परत नेतात. तुम्हीही उरलेलं उचलून न्या, मी थांबतो. आणि अजून एक गोष्ट सांगितली. इथला कावळा माणूस रोखून बघत असला की उतरत नाही. तुम्ही सगळे त्याच्याकडे बघताय. बांधापलीकडे जा.

गुरुजी तिकडून विचारत होते, दर्भ घेऊ या का. मी मुलाला म्हणालो, फोन खिशात ठेव.

मग मी पानाजवळ गेलो. उकिडवा बसलो. गुडघे दुखतात, तरी बसलो. मला ठाऊक होतं काय राहिलंय. तिथल्या बाकीच्यांनाही ठाऊक होतं, पण माझ्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती.

"राहतो मी इथे," मी तिला म्हणालो. "तू जिंकलीस. मला काढायचं असेल तर काढू देत त्यांना, पण मी आपण होऊन जाणार नाही."

उठलो आणि सगळ्यांना घेऊन बांधापलीकडे गेलो. तो म्हाताराही आला. आम्ही सगळे रस्त्याकडे तोंड करून उभे राहिलो. मागे पंख फडफडले. मी वळणार होतो, म्हाताऱ्याने माझी बाही धरली. थोड्या वेळाने त्यानेच मान हलवली, तेव्हा जाऊन बघितलं. एक पिंड फुटलेला होता, तिळासकट. दुसरा कावळा आमच्यादेखत उडाला.

सून म्हणते, आईंना तुमचं वचन पोचलं. मी म्हणतो, माणसं हटली म्हणून कावळा उतरला, तो म्हातारा काय खोटं बोलला नाही. दोन्ही खरं असलं तरी माझी हरकत नाही. वचन मात्र मी कावळा यायच्या आधी दिलं होतं, ते काही सौदा म्हणून नाही. मी पान गुंडाळलं, सांडलेली शितं वेचली, जागा पाण्याने धुतली. म्हाताऱ्याने वाकून जागा बघितली, मग सायकलवर बसून गेला.

घरी येताना मुलगा म्हणाला की तुम्ही नाही म्हणालात तरी मी अर्ज छापून ठेवला होता. मी त्याला म्हणालो, आईवर गेलास.

दुसऱ्या दिवशी अकराव्याचं काम गुरुजींनी दुपारवर ढकललं, आणि सकाळी मी सुनेबरोबर परदेशी लोकांच्या कागदांच्या सरकारी कचेरीत गेलो. दार उघडायच्या आधीच बाहेर रांग. सगळ्या देशांची माणसं, सगळ्यांच्या छातीशी कागदांचा गठ्ठा. भिंतीवरच्या टीव्हीत निवडणुकीतला कोणीतरी बोलत होता. कोणी वर बघत नव्हतं.

सुनेने अर्ज मांडीवर घेतला. नाव, जन्मगाव, सगळं तिने भरलं. एका ओळीपाशी तिचं पेन थांबलं. मी विचारलं काय आहे. ती म्हणाली, बाबा, लग्न झालेला की एकटा, एवढंच विचारलंय, मी करते. दोनच शब्द छापलेले, त्यातल्या एकावर गोल करायचा.

मी तिच्या हातातून पेन घेतलं. कुठला शब्द कुठला ते तिला बोटाने दाखवायला लावलं. मग ‘एकटा’वर गोल केला, लेथवर काढावा तसा, सुरुवात आणि शेवट जुळवून. खाली मराठीत सही केली आणि आमचा नंबर लागल्यावर अर्ज खिडकीत मीच दिला.